आवाज गेलेला मोबाइल

"ताई, हा आता टाकूनच द्यायचा ना?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की गिऱ्हाइकाने खिशात हात घातला की पुढचं मला कळतं. माझं उत्तरही ठरलेलं असतं. "टाकू नका. आधी त्याचं काय काय चालू आहे ते बघू."

चाकणच्या बाजारपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी भोसरीच्या एका कंपनीत मी सोल्डरिंगला होते. कंपनी बंद पडली, पण हाताची सवय राहिली. कोर्स केला आणि गाळा घेतला. सुरुवातीला लोक काउंटरपाशी येऊन इकडे-तिकडे बघायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "समोरच बसलेत. बोला." काही जण तरीही थोडा वेळ वाट बघायचे. मिस्त्री चहाला गेला असेल, येईल, अशा आशेने.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा सांगायचा तर एवढाच, की मोबाइल ही एक वस्तू नाही. एका डबीत कॅमेरा, घड्याळ, टॉर्च, रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर अशी बरीच मंडळी दाटीवाटीने राहतात. त्यातलं एक गेलं म्हणून बाकीच्यांना पुरायचं कारण नाही. काच तडकली पण आवाज खणखणीत आहे, असा फोन देवघरात हरिपाठ लावायला छान. कॅमेरा मेलेल्या फोनला तर आमच्याकडे फार मान. इथल्या काही कंपन्या कॅमेऱ्याचा फोन गेटच्या आत नेऊ देत नाहीत. चांगला चालणारा कॅमेरा काढून द्या म्हणून मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा चांगल्या दाताला चिमटा लावावा तसं मला वाटतं. फुगलेली बॅटरी मात्र मी कुणाला घरात ठेवू देत नाही. तिथे माझं कुणाशी पटत नाही.

जुन्या फोनला असं नवं काम लावून देताना मला फार मजा यायची. त्या मजेला पहिला धक्का दत्तामुळेच बसायला हवा होता.

दत्ता राजगुरुनगरच्या पुढच्या एका गावातला. घरी शेती, दोन म्हशी, म्हातारी आई, आणि हा चाकणला कंपनीत. एक म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि याची नेमकी सेकंड शिफ्ट. मी त्याला म्हटलं, तुझा जुना फोन गोठ्यात बांध. एक ॲप टाकून दिलं. गोठ्यातला फोन बघणार आणि इकडे याच्या हातातल्या फोनवर दिसणार. बटण दाबून बोललं तर आवाज तिकडे गोठ्यात निघणार. "म्हशीशी गप्पा मार हवं तर," मी म्हटलं होतं.

संध्याकाळी कँटीनमध्ये चहा घेताना त्याने फोन उघडला. गोठ्यातल्या मिणमिणत्या दिव्यात म्हैस उभी, कान टवकारलेले, दावं ताणलेलं. त्याला वाटलं, कळा सुरू झाल्या. तेवढ्यात स्क्रीनवर काळे ठिपके आले. त्याला वाटलं, डिस्प्ले गेला. आणि मग ते ठिपके चालायला लागले.

बिबट्या होता. फोनच्या इतका जवळ, की त्याच्या मिशा दिसत होत्या.

दत्ताने बटण दाबलं आणि कँटीनमध्ये उभा राहून बोंब ठोकली, "हाड! हाड! ए!" सगळी शिफ्ट उभी राहिली. तिकडे गोठ्यात अंधारातून माणसाचा आवाज फुटला आणि बिबट्या गव्हाणीवरून भिंतीपलीकडे गेला. दत्ता श्वास घेतो न घेतो, तोच स्क्रीनवर टॉर्चचा उजेड आला. त्याची आई. लेकाचा आवाज ऐकून ती घरातून गोठ्यात आली होती आणि बिबट्या जिथे उभा होता तिथेच येऊन उभी राहिली.

"दत्ता? आलास व्हय रं?"

"आये, घरात जा! बिबट्या हाय!"

ती घरात जाईना. म्हशीच्या मागे, गव्हाणीखाली, कडब्यात टॉर्च मारून लेकाला शोधत राहिली. "अरं, पर तू कुठं हायस?"

दुसऱ्या दिवशी दत्ताने दुकानात येऊन हे सगळं सांगितलं. म्हैस वाचली, रेडकू झालं, पण आईने तो फोन काढायला लावला. "ल्योक कामावर आन् आवाज गोठ्यात, ह्ये काय बरं न्हाई," असं ती म्हणाली म्हणे. मी हसले. पुढे कितीतरी दिवस ही हकीकत मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होते.

म्हातारीच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला कळलं ते अण्णांमुळे.

अण्णा चाकणच्या जुन्या गावठाणातले. आयुष्यभर प्रेस शॉपला काम केलेलं. पत्रा ठोकून आकार देणारी मोठाली मशीनं असतात तिथे, आणि तो दणका दिवसभर कानावर. त्यात अण्णांचे कान गेले. कानाचं मशीनही लावून बघितलं. "निस्ता गलका मोठा हुतो, त्यातनं शब्द सुटा हुत न्हाई," असं म्हणून त्यांनी ते ट्रंकेत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. आणि त्यांना स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे तेही सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे. अण्णा दुकानात आले की समोरच्या स्वीट मार्टवाल्यालाही कळायचं.

त्या दिवशी ते मुलाचा जुना फोन घेऊन आले. पाण्यात पडला होता. कानाशी लावायचा स्पीकर गेलेला, खालचा मोठा स्पीकरही गेलेला. मुलाने नवीन घेतला आणि हा बापाला दिला.

"यात पिक्चर दिसंल का?" अण्णांनी विचारलं.

मी मान हलवली आणि कानाला हात लावून, आवाज नाही, अशी खूण केली.

"आवाजाचं मी काय करू?" अण्णा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

हसता हसता माझ्या डोक्यात आलं, की याचा माइक तर शाबूत आहे. म्हणजे फोनला बोलता येत नाही, पण ऐकू येतंय. आणि बोललेलं ऐकून स्क्रीनवर लिहून दाखवणारं ॲप मिळतं, मराठीतसुद्धा. मी ते टाकलं, फोन त्यांच्यासमोर काउंटरवर उभा केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, चहा घेणार का?"

मोठ्या अक्षरांत उमटलं, 'अण्णा चहा घेणार का'.

अण्णांनी वाचलं. फोन उचलून त्याच्या मागे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत चक्क भीती होती.

तेवढ्यात फोनच्या काचेवर टफन ग्लास बसवायला आलेला एक मुलगा शेजारच्याला हळूच म्हणाला, "म्हातारा बहिरा आहे वाटतं." तेही उमटलं. अण्णा सावकाश वळले. "बहिरा हाय. पन म्हातारा न्हाई."

तो मुलगा पांढराफटक पडला. मी पोट धरून हसले. मी अण्णांना सगळं समजावून दिलं. नेट चालू लागतं, गावाकडची बोली त्याला नीट कळत नाही, 'व्हय' म्हटलं की 'वही' लिहितं, तेव्हा जुळवून घ्यायचं. जाताना ते मला म्हणाले, "घरात सांगू नको. गंमत करतो." मीही म्हटलं, करा.

पुढच्या आठवड्यात अण्णा आले ते न बोलता. बाकावर बसून राहिले. दुकानात गर्दी होती. ती पांगली तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "ह्ये काढून टाक."

"का? चालत नाही?" मी फोनकडे तोंड करून विचारलं.

त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "लई चालतंय."

अण्णा हळू बोलायचा प्रयत्न करत होते. आवाज मधेच चढायचा, मधेच नुसताच श्वास निघायचा. मी काचेचा दरवाजा लावला, आणि त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं.

पहिल्याच दिवशी त्यांनी फोन स्वयंपाकघरात फळीवर टेकवून ठेवला. हिरामावशी, म्हणजे त्यांची बायको, पाठमोरी भाकऱ्या थापत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि स्क्रीन भरायला लागली. अण्णांना वाटलं, मोबाइल बिघडला, मनचंच लिहितोय. मग वाटलं, ही फोनवर बोलतेय. पण तिचे दोन्ही हात पिठात होते. मग एक शब्द आला, 'अहो'.

ती त्यांच्याशीच बोलत होती.

त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून ती रोज, काम करता करता, त्यांच्याशी बोलत होती. शेजारणीचं, गुडघ्याचं, सुनेचं, बारीकसारीक सगळं. घरातली बाकीची माणसं अण्णांशी जेवढ्यास तेवढं ओरडायची, जेवा, गोळी घ्या, दार लावा. हिचं मात्र सगळं बोलणं इतकी वर्षं त्यांच्या पाठीशी चालू होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

"आन् मग मनीचं आलं," अण्णा म्हणाले.

मनीषा त्यांची धाकटी मुलगी. मंचरकडे दिलेली. दर रविवारी आईबापाला भेटायला यायची. अण्णा विचारायचे, जावई बरं हायत का? ती मान डोलवायची. अण्णा जाताना तिच्याकडे जावयासाठी घरच्या भुईमुगाच्या शेंगा द्यायचे, कारण जावयाला शेंगा आवडतात.

स्क्रीनवर त्यांनी वाचलं ते हे, की मनीषा गेल्या वर्षीच नवऱ्याचं घर सोडून आली होती. तो हात उचलायचा. ती इथे चाकणलाच एका कंपनीत पॅकिंगला लागली होती आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. मुलाला माहीत होतं, सुनेला माहीत होतं. एकट्या अण्णांना माहीत नव्हतं.

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मी विचारलं, "तुम्हाला का नाही सांगितलं?"

त्यांनी वाचलं, आणि हिरामावशी चुलीशी जे म्हणाली होती ते सांगितलं. "म्हनली, तुमाला सांगायचं म्हंजे आख्ख्या आळीला सांगायचं."

गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं. अण्णांच्या कानात जे ओरडायचं ते चार घरं ऐकणार. भाजी काय केली हे ओरडून सांगता येतं. मुलीला नवरा मारतो, हे कसं ओरडायचं? बहिऱ्या माणसाला गुपित सांगताच येत नाही, हे इतकं साधं, आणि मला कधी सुचलं नव्हतं. लिहून द्यायचं म्हणाल, तर मावशीला सहीपुरतंच येतं, आणि मनीषा पुढे मला म्हणाली, की बापाला असलं लिहायला बसले की हातच चालेना.

"मग बोला त्यांच्याशी," मी म्हटलं. "दाखवा हा फोन."

अण्णांनी मान हलवली. "तिला कळलं की मी वाचतोय, तर ती बोलायची बंद हुईल. मला ऐकू येत न्हाई म्हनून ती बोलती. आन् न सांगावं, तर रविवारी पोरीला पुन्ना इचारू का, जावई बरं हायत का?"

एका गमतीसाठी मी एका बाईच्या पाठीमागे कान ठेवून आले होते, तिला न विचारता. मला दत्ताची आई आठवली, आणि मघापर्यंत जी मजा वाटत होती ती पार गेली. ॲप काढायला मी बोट नेलं, तर अण्णांनीच माझा हात धरला. मग म्हणाले, "तुझं दुकान बंद असतंय त्या दिवशी उघडशील का? घरी भिंती लई पातळ हायत."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी शटर अर्धं वर केलं. मनीषाने रजा काढली होती. आईला नवीन फोन घ्यायचाय, तू निवडायला ये, असं अण्णांनी मुलाकडून कळवलं होतं. हिरामावशी पदर सावरत बाकावर बसली. मनीषा किडकिडीत, कंपनीच्या ओळखपत्राची निळी दोरी पर्समधून बाहेर लोंबत होती. तिच्या लक्षात आलं तशी तिने ती आत कोंबली.

अण्णांनी फोन काउंटरवर उभा केला आणि मुलीला म्हणाले, "मने, आता बोल. हळू बोल. जेवढं हळू बोलशील तेवढं चालंल."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. बापाने तिला जन्मात कधी हळू बोल असं म्हटलं नव्हतं.

मी सांगितलं, की हा फोन ऐकतो आणि लिहून दाखवतो. आणि मी बोलत असतानाच माझं वाक्य अक्षराअक्षराने स्क्रीनवर उमटत होतं. मनीषाने ते बघितलं. पण मी बघत होते हिरामावशीकडे. तिचा चेहरा आधी कोरा झाला. मग हळूहळू तिला कळत गेलं. फळीवर टेकवलेला फोन, रोज त्याच्याकडे बघत बसलेला नवरा.

"कवापासनं?" ती म्हणाली. तेही उमटलं.

अण्णांनी वाचलं आणि नजर चुकवली.

"म्हंजे मी बोलत हुते ते…" तिने पदर तोंडाला लावला. "चोरून ऐकलंत तुमी?"

अण्णांनी वाचलं. "ऐकलं न्हाई. वाचलं."

"एवढी वरसं भिंतीशी बोलावं तशी बोलत हुते. माझं मेलीचं मन मोकळं हुत हुतं. आन् भिंतच वाचाया लागली!"

ती रडत होती की चिडली होती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण बाहेर जायला शटरखालून वाकावं लागलं असतं.

मनीषा मात्र फोनपाशी आली. त्याच्या इतकी जवळ वाकली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. ती काय बोलली ते मला शेजारी बसून ऐकू आलं नाही. पण अक्षरं आली, 'अण्णा मी परत जाणार नाही'.

घरच्यांना भीती होती, की अण्णा एक तर काठी घेऊन मंचरला जातील, नाहीतर चार माणसांत नाक कापलं म्हणून पोरीला परत धाडतील. ती भीती त्या दोघींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती.

अण्णांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांचा तो प्रेस शॉपमधला आवाज फुटला.

"नको जाऊ! कोन म्हनतंय जा म्हनून? हात उचलतो म्हंजे काय? माझी पोरगी हाय ती!"

शटर झणझणलं. बाहेर स्वीट मार्टसमोरची माणसं खाली वाकून आत बघायला लागली. हिरामावशीने घाईघाईने दोन्ही हात वर केले. "अहो हळू, हळू! लोकं ऐकत्यात!"

ते उमटलं. अण्णांनी वाचलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आधीपेक्षाही मोठ्याने म्हणाले, "ऐकू दे!"

मनीषा काउंटरवर डोकं टेकून रडली. मी पाण्याचा ग्लास भरला आणि कुणाला द्यावा ते न कळून स्वतःच प्याले.

पुढच्या रविवारी अण्णा आणि त्यांचा मुलगा मंचरला जाऊन मनीषाची ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन आले. तिथे काय झालं ते अण्णांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मनीषा आता आईबापाकडे राहते आणि कंपनीच्या बसने कामाला जाते. आळीत बोलायचे ते लोक थोडे दिवस बोलले.

अण्णा मात्र काही दिवसांनी तक्रार घेऊन आले. "ताई, मोबाइल बिघडला. भाकरीच्या टायमाला काईच येत न्हाई."

मी तपासला. माइक नीट, नेट नीट. "अण्णा, मोबाइल चांगला आहे. मावशीच बोलत नाहीत."

वाचून त्यांनी खाली मान घातली. त्यांना जी भीती होती ती खरी झाली होती. हिरामावशीने अबोला धरला होता. ऐकू न येणाऱ्या माणसाशी धरलेला अबोला त्या माणसाला कळावा, ही सोय माझ्यामुळे झाली होती. दुरुस्ती म्हणून मी केलेल्या कामाचा असा परिणाम मला कुणी आधी सांगितला असता तर मी हसले असते.

मग एके दिवशी दुपारी हिरामावशी स्वतःच आली. मागून अण्णा. त्यांना तिने बाहेर पायरीवर बसवलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ह्याला बंद कसं करत्यात, तेवढं मला दाव."

"काढून टाकू का?"

"काढू नको," ती पटकन म्हणाली. "मनीचं, बाजाराचं, दवाखान्याचं, ते बोलीन की. त्यांना बी बरं वाटतंय. पर काई बोलनं माझं मला ऱ्हाऊ दे, बाई. बोलताना मला ठाऊक पायजे, कवा ऐकतंय आन् कवा न्हाई."

इतक्या वर्षांत माझ्याकडे गिऱ्हाइकांनी जे जे मागितलं, त्यात इतकं रास्त मागणं दुसरं आठवत नाही. मी तिला बटण दाखवलं. इथे दाबलं की थांबतं, पुन्हा दाबलं की चालू. तिने बोट पदराला पुसलं, दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं. जमलं तसं तिचं तोंड खुललं.

मग तिने ते बंद केलं, माझ्याकडे बघून खात्री करून घेतली, पायरीपाशी गेली, आणि फोन अण्णांच्या हातात देता देता त्यांच्या तोंडावर एक वाक्य बोलली. नेहमीच्या, साध्या आवाजात.

अण्णांनी घाईने स्क्रीनकडे बघितलं. काही नव्हतं. त्यांनी फोन हलवला, मग वळून माझ्याकडे बघितलं. "काय म्हनली ती?"

पायरीपाशी उभा असलेला स्वीट मार्टवाला गालात हसत होता, त्यालाही ऐकू आलं होतं. हिरामावशीने डोळ्यांनीच मला दटावलं. मी हात हलवून काही नाही अशी खूण केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन उघडायला घेतला.